काडीकचऱ्यापासून तेल : मायक्रोवेव्ह भट्टीचा जमाखर्च

शेतांतून धान्य घरीं आलें म्हणजे मागें जें उरतें त्यास आपण सरसकट 'टाकाऊ माल' म्हणतों. भाताचा पेंढा व तूस, उंसाचें पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, काजूचीं टरफलें, नारळाच्या करवंट्या हे सारे पदार्थ या एकाच नांवाखालीं येतात. आपल्या देशांत असा माल वर्षास सुमारें ५० कोटी टन निघतो, असा सरकारी अंदाज आहे. त्यांतील मोठा भाग गुरांच्या पोटीं, चुलींत किंवा छपरावर जातो. कांहीं भाग मात्र शेतांतच पेटवून दिला जातो. या मालापासून इंधनाचें तेल निघतें आणि मायक्रोवेव्ह भट्टींत तें झटपट काढतां येतें, ही वार्ता आतां शेतकऱ्यांच्याही कानीं येऊं लागली आहे. वार्ता खरी आहे. परंतु एखादी गोष्ट होणें निराळें व ती परवडणें निराळें. सहकारी संस्थेनें अशा यंत्रांत सभासदांचा पैसा घालण्यापूर्वीं त्या यंत्राचा जमाखर्च समजून घेणें अवश्य आहे. तो मांडून दाखविणें हाच या लेखाचा हेतु आहे.

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वकांठीं वसलेलें ऐरोली हें गांव या प्रश्नाचा विचार करण्यास फार सोयीचें आहे. ऐरोली, दिवा, रबाळें, गोठिवली, घणसोली या आगरी-कोळ्यांच्या गांवांचा चरितार्थ एके काळीं भातशेती व मासेमारी यांवर चाले. पुढें ठाणें-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईसाठीं भूसंपादन सुरू झालें व येथील बहुतेक खाचरें त्यांत गेलीं. आज गांवाच्या पाठीशीं बॉयलर पेटविणारे कारखाने आहेत. आणि कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर या तालुक्यांतील भाताचीं शेतें मालमोटारीच्या टप्प्यांत आहेत. इंधनाचें गिऱ्हाईक इकडे व माल तिकडे, अशी ही स्थिति आहे. सुटा पेंढा इतका फोफसा असतो कीं, एका घनमीटरांत तो शंभर किलोही मावत नाहीं. तेवढ्याच जागेंत हें तेल मात्र सुमारें १,२०० किलो मावतें. तेव्हां मालाचें तेल शेताजवळ करावें व तें कारखान्याच्या दारीं पोंचवावें, हा विचार कोणासही सहज सुचेल.

विद्या जुनी, साधन नवें

वाळलेल्या काष्ठापासून उष्णतेनें तेल काढणें ही कोंकणांत नवी गोष्ट नव्हे. गजकर्णावर लावण्यासाठीं करवंटीचें काळें तेल काढण्याची रीत घरोघरीं ठाऊक होती. आयुर्वेदांतील पाताळयंत्रही याच तत्त्वावर चालतें : वरच्या भांड्यांतील द्रव्यास बाहेरून आंच द्यावयाची व झिरपणारें तेल खालच्या भांड्यांत धरावयाचें. मोठ्या प्रमाणावरील उदाहरण म्हैसूर संस्थानांतील भद्रावती येथील लोखंडाच्या कारखान्याचें आहे. तो १९२३ सालीं सुरू झाला. तेथें लांकूड बंद भांड्यांत तापवून कोळसा तर करीतच, परंतु धुरांतून निघणारें डांबर व मद्यार्कासारखे द्रवही वेगळे काढीत.

या सर्व रीतींचें मर्म एकच आहे. काडी उघड्या हवेंत पेटविली तर तिची राख होते. तीच काडी हवा न लागूं देतां ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली तर ती पेटत नाहीं, तर फुटते. तिच्यांतील काष्ठतंतूंचे मोठे रेणू तुटून लहान होतात व वाफेच्या रूपानें बाहेर पडतात. ही वाफ थंड नळींतून नेली कीं जो द्रव सांचतो तेंच जैवतेल. जी वाफ थंड करूनही सांचत नाहीं तो जळाऊ वायु होय, आणि भांड्यांत जें उरतें तो कोळसा. आंच मंद व दीर्घ दिली तर कोळसा, द्रव व वायु यांचे वांटे जवळजवळ सारखे पडतात. आंच तीव्र देऊन वाफ क्षणार्धांत बाहेर काढून थंड केली, तर चांगल्या कोरड्या लांकडाच्या वजनाच्या ६० ते ७५ टक्के द्रव मिळतो. पेंढ्यासारख्या राखाळ मालापासून मात्र इतका मिळत नाहीं. कारण राखेंतील पालाशसारखे क्षार वाफेस पुन्हां फोडून तिचा वायु व कोळसा करतात.

मायक्रोवेव्हची आंच

आतां प्रश्न आंच देण्याचा. पेंढा, काडी, भुसा हे उष्णतेचे मंद वाहक आहेत. भांड्यास बाहेरून आंच दिली तर कडेचा माल करपतो आणि मधला कच्चा राहतो; म्हणून माल फार बारीक दळावा लागतो. मायक्रोवेव्ह, म्हणजे सूक्ष्मलहरी, या अडचणींतून वाट काढतात.

या लहरी उत्पन्न करणारी मॅग्नेट्रॉन नांवाची नळी रडारच्या निमित्तानें सुधारली गेली. बर्मिंगहॅम येथें रँडल व बूट यांनीं १९४० सालीं तिचें समर्थ रूप सिद्ध केलें. आणि १९४५ सालीं अमेरिकेंत पर्सी स्पेन्सर यांनीं तिच्या लहरींनीं अन्न शिजविण्याची योजना पुढें आणली. घरांतील मायक्रोवेव्ह चुलींत या लहरींचीं सेकंदास २४५ कोटी आवर्तनें होतात. पाण्याच्या रेणूचें एक टोंक धन व दुसरें ऋण असतें. लहर उलटसुलट होऊं लागली कीं रेणूही तिच्याबरोबर वळूं पाहतो, व या ओढाताणींतून उष्णता उपजते. ती मालाच्या पोटांतच निर्माण होते. बाहेरून आंत शिरण्याची वाट पाहावी लागत नाहीं. त्यामुळें माल फार बारीक न करतां चालतो, भट्टी कळ दाबतांच सुरू व बंद करतां येते, आणि निघालेली वाफ तप्त भिंतींस न लागल्यानें कमी फुटते.

येथें एक मेख आहे. ओला माल या लहरी चांगल्या शोषून घेतो. पण त्यांतील पाणी उडून गेलें कीं कोरडी काडी त्या फारशा शोषीत नाहीं. मग तापमान शंभर-दोनशे अंशांच्या आसपास रेंगाळतें. म्हणून मालांत आधींच थोडा कोळसा मिसळावा लागतो. कोळसा या लहरी उत्तम शोषतो, स्वतः तापतो व भोंवतालच्या काडीस तापवितो. एकदां कांहीं काडीचा कोळसा झाला म्हणजे काम आपोआप वेग घेतें. मिश्रण नीट ढवळलें नाहीं तर मात्र एखाद्याच ठिकाणीं अतिउष्ण डाग पडतो, ठिणग्या उडतात, व शेजारचा माल तसाच राहतो. लहरी मालांत फार खोलवर शिरत नाहींत, हीही मर्यादा आहे. प्रयोगशाळेंतील लहान भांड्यांत जें साधतें तें टनावारी मालावर साधणें यामुळेंच कठीण जातें.

निघालेल्या तेलाचे गुणदोष

जैवतेल हें नांव ऐकून डिझेलची कल्पना करूं नये. हा गडद तपकिरी, धुरकट वासाचा, आंबट द्रव आहे. त्यांत १५ ते ३० टक्के पाणी असतें. त्याचा आम्लपणा व्हिनेगरसारखा असल्यानें साधें लोखंड व पोलाद तें खातें. सांठविण्यास स्टेनलेस पोलादाचीं किंवा योग्य प्लास्टिकचीं पिंपें लागतात. तें डिझेलमध्यें मिसळत नाहीं, आणि पडून राहिलें तर दाट होत जातें. म्हणून शेतकऱ्यानें तें ट्रॅक्टरमध्यें किंवा पाण्याच्या इंजिनांत कदापि घालूं नये. योग्य बर्नर बसविलेल्या बॉयलरमध्यें तें जळतें. त्यांतून रसायनें वेगळीं काढतां येतात, परंतु त्यास मोठा कारखाना लागतो.

उष्णतेचा हिशेब

उष्णतेचें माप म्हणून किलोकॅलरी घेऊं. एक किलो पाण्याचें तापमान एक अंशानें वाढविण्यास जी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. डिझेलच्या एका किलोंत सुमारें १०,००० किलोकॅलरी असतात. जैवतेलांत सुमारें ४,०००. म्हणजे एक किलो डिझेलचें काम करण्यास अडीच किलो जैवतेल लागतें.

आतां एक किलो कोरडी पऱ्हाटी व तिच्यांत मुरलेलें २०० ग्रॅम पाणी असा माल भट्टींत घातला असें समजूं. पाणी तापवून उडविण्यास सुमारें १२० किलोकॅलरी लागतात. काडी ५०० अंशांपर्यंत तापवून फोडण्यास आणखी ३५० च्या आसपास. एकूण अदमासें ४७० झाल्या. भिंतीवरील विजेपैकीं मॅग्नेट्रॉनमधील व भट्टींतील गळती वजा जातां निम्मीच उष्णता मालास पोंचते असें धरलें, तर वीज ९४० किलोकॅलरींची खर्च होते. विजेचें एक युनिट ८६० किलोकॅलरींचें असतें. म्हणजे किलोमागें सुमारें १.१ युनिट.

जमेच्या बाजूस काय येतें? ४०० ग्रॅम तेल धरलें तर त्याच्या १,६०० किलोकॅलरी. परंतु ती वीज दगडी कोळशावर झालेली असेल, तर एका युनिटासाठीं वीजकेंद्रांत सुमारें २,५०० किलोकॅलरींचा कोळसा जळतो. १.१ युनिटास २,७५० झाल्या. तात्पर्य, १,६०० किलोकॅलरींचें तेल मिळविण्यासाठीं २,७५० किलोकॅलरींचा दगडी कोळसा दुसरीकडे जाळला. केवळ तेलाकडे पाहिलें तर हा उघड तोटा आहे.

तथापि भट्टींत ३०० ग्रॅमच्या आसपास कोळसाही उरतो. पऱ्हाटीच्या कोळशांत किलोस सुमारें ६,५०० किलोकॅलरी धरल्या तर त्या १,९५० होतात, म्हणजे तेलाहूनही अधिक. शिवाय वायु आहे तो वेगळाच. कोळसा विकला किंवा जमिनीस दिला, आणि वायु माल वाळविण्यास जाळला, तरच हा हिशेब सांवरतो. जी भट्टी वायु आकाशांत सोडते व कोळसा कचरा म्हणून टाकते, ती आपल्याच जमेवर पाणी सोडते.

रुपयांचा हिशेब याहून फसवा असूं शकतो. एका किलो डिझेलइतकी उष्णता देणाऱ्या अडीच किलो तेलासाठीं सव्वासहा किलो कोरडा माल व जवळजवळ सात युनिट वीज लागते. युनिटाचा दर ८ रुपये धरला तर नुसती वीजच ५५ रुपयांची झाली. मालाची किंमत, वाहतूक, मजुरी, यंत्राची झीज हीं त्यावर. आतां त्याच कामास 'पांढरा कोळसा' वापरला तर काय होतें तें पाहा. काडी दळून दाबून केलेल्या ज्या कांड्या बॉयलरवाल्यांत या नांवानें विकल्या जातात, त्यांत किलोस ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी असतात; आणि त्या करण्यास टनामागें शंभर युनिटांच्या आंतबाहेर वीज पुरते. डिझेलच्या एका किलोच्या बरोबरीस त्यांच्या पावणेतीन किलो कांड्या व पाव-तिसरा हिस्सा युनिट वीज लागेल. म्हणून ज्या कारखान्याचा बॉयलर घन इंधन जाळूं शकतो, त्यास तेल विकावयास जाणें व्यर्थ आहे.

दुसऱ्यांनीं काय केलें

फिनलंडमधील योएन्सू येथें २०१३ सालीं वर्षास ५०,००० टन जैवतेल करण्याच्या बेताचा कारखाना उभा राहिला. नेदरलंड्समधील हेंगेलो येथें २०१५ सालीं दुसरा सुरू झाला. या दोन्ही ठिकाणीं माल मायक्रोवेव्हनें तापवीत नाहींत. तप्त वाळू व काष्ठचूर्ण एकत्र करून आंच दिली जाते. आणि वाळू तापविण्याचें काम उरलेला कोळसा किंवा लगतच्या बॉयलरची आंच करते. आपल्याच मालाच्या शेषानें आपली भट्टी पेटवावी, विजेचा आश्रय कमींत कमी घ्यावा, हें त्यामागील सूत्र आहे.

हेंच सूत्र महाराष्ट्रांत अगदीं साध्या साधनांनीं सिद्ध झालेलें आहे. उंसाची तोडणी झाल्यावर हेक्टरीं सुमारें १० टन पाचट मागें राहतें व तें बहुधा पेटविलें जातें. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या पुण्याच्या संस्थेनें त्याचा कोळसा करण्याची भट्टी तयार केली. बंद पिंपांत पाचट भरून पिंपांभोंवतीं आंच द्यावयाची. पिंपांतून निघणारा वायु भट्टींतच जळतो व पुढचें तापविण्याचें काम तोच करतो. कोळशाची भुकटी खळीसारख्या चिकट पदार्थांत मळून तिच्या कांड्या करतात व त्या चुलीस वापरतात. या कामास २००२ सालीं इंग्लंडमधील ॲशडेन पारितोषिक मिळालें. तेथें तेल धरण्याचा आग्रह नाहीं. त्यामुळें वीजही नको आणि आम्ल द्रवाची यातायातही नको. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनेंही उंसाच्या पाचटाचा जळाऊ वायु करून तो कारखान्यांतील भट्ट्यांस पुरविण्याचे प्रयोग १९९० च्या दशकांत केले. हीं दोन्ही उदाहरणें दाखवितात कीं, माल हाताशीं असेल तेथें उष्णता त्याच मालांतून काढणें हा राजमार्ग आहे.

कोणता माल घ्यावा, कोणता सोडावा

ठाणें जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दृष्टीनें पेंढ्याचा विचार प्रथम केला पाहिजे. पेंढा हा टाकाऊ माल नव्हे. तो घरच्या गुरांची वैरण आहे, व भारे बांधून तबेल्यांस विकला तर रोख पैसा देतो. एक टन पेंढ्यांत ५ ते ८ किलो नत्र व १२ ते १७ किलो पालाश असतें. पेंढा गुरांमार्फत शेणखतांत गेला तर याचा पुष्कळ भाग शेतांत परत येतो. भट्टींत गेला तर नत्र बहुतेक उडून जातें, आणि पालाश कोळसा परत आणला तरच परत येतें. राख जास्त असल्यानें पेंढ्याचें तेलही कमी पडतें. पेंढा भट्टींत घालूं नये हेंच बरें.

भाताच्या तुसांत जवळजवळ पंचमांश राख असते, व ती बहुतेक सिलिका असते. तूस कोरडें व एके जागीं गिरणींत मिळतें ही सोय आहे खरी; पण वीटभट्टीवाले तें आधींच उचलतात. राबाचा पाला, टहाळ व गोंवऱ्या यांचीही गोष्ट निराळी नाहीं. रोपवाटिकेवर राब भाजण्याची आपली चाल डॉ. व्होएल्कर यांनीं १८९३ च्या अहवालांत विचारांत घेतली होती. तिच्यामुळें तणाचें बीं मरतें व राख रोपास मिळते. ती चाल सुधारावी कीं सोडावी हा वेगळा प्रश्न. पण राबाचा माल आज मोकळा पडलेला नाहीं, हें ध्यानांत असावें.

भट्टीस योग्य माल म्हणजे कोरडा, काष्ठमय, थोड्या राखेचा व एकत्र सांचलेला : कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, करवंट्या, आणि तेल काढून घेतलेलीं काजूचीं टरफलें. पऱ्हाट्या शेतांत ठेवल्यास गुलाबी बोंडअळीस आसरा मिळतो, म्हणून त्या हलविणें तसेंही इष्ट असतें. उलट, वाशीच्या घाऊक बाजारांतील भाजीपाल्याचा कचरा जवळ आहे म्हणून भट्टींत घालणें हा निव्वळ उधळेपणा होय. त्यांत बहुतांश पाणीच असतें, आणि एक किलो पाणी उडविण्यास सहाशेंवर किलोकॅलरी जातात. अशा ओल्या मालासाठीं बायोगॅस हीच रीत योग्य. खाडीपलीकडे तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें तयार केलेला 'निसर्गऋण' संयंत्राचा नमुना याच कामाचा आहे.

कोळसा जमिनीस देण्याविषयींही विवेक पाहिजे. कोंकणांतील जांभ्या, आम्ल जमिनीस तो बहुधा मानवतो, कारण त्याची राख क्षारधर्मी असते. परंतु खाडीकांठच्या खारजमिनींत मुळांतच क्षार अधिक असतात. तेथें माती तपासल्याविना तो टाकूं नये. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचा सल्ला अशा बाबतींत घ्यावा.

संस्थेनें विचारावयाचे प्रश्न

मायक्रोवेव्ह भट्टी टाकाऊ विद्या आहे असें यावरून कोणी समजूं नये. ज्या ठिकाणीं सौर वीज दिवसा शिल्लक राहते, माल काष्ठमय व कोरडा आहे, कोळशास गिऱ्हाईक आहे आणि तेल घेणारा कारखाना जवळ आहे, तेथें तिचें भवितव्य आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत तिच्यावर प्रयोग होणें इष्टच आहे. परंतु प्रयोगाचा खर्च शेतकऱ्याच्या भागभांडवलांतून होऊं नये.

यंत्र दाखविणाऱ्यास संस्थेनें पुढील प्रश्न लेखी विचारावे. पहिला, आमच्याच मालाच्या एका टनास किती युनिट वीज लागेल, तें मीटर लावून दाखवाल काय? दुसरा, तेलाचें वजन पाण्यासह सांगतां कीं पाणी वगळून? तिसरा, तेल घेणाऱ्या कारखान्याचा लेखी करार आहे काय, व तो किती मुदतीचा? चौथा, वायु कोठें जातो? पांचवा, कोळसा कोणाच्या मालकीचा राहील? सहावा, मॅग्नेट्रॉन नळी किती तास चालते व नवीन बसविण्यास काय पडतें? यांतील एकाही प्रश्नास आंकड्यानें उत्तर मिळालें नाहीं, तर त्या वर्षीं यंत्र घेऊं नये.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. घरांतील मायक्रोवेव्ह चुलींत काडी किंवा करवंटी घालून हा प्रयोग कोणीही करूं नये. निघणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायु असतो, आणि बंद चुलींत तो पेट घेऊं शकतो. ज्यांना हातानें कांहीं करून पाहावयाचें असेल त्यांनीं उघड्या जागीं पिंपाच्या भट्टींत पाच-दहा किलो पऱ्हाट्यांचा कोळसा करावा, माल व कोळसा दोन्ही तोलून पाहावे, आणि तो आंकडा संस्थेच्या बैठकींत आणावा. अशा दहा गांवांचे आंकडे जमले म्हणजे आपल्या तालुक्यांत कोणता माल खरोखर शिल्लक आहे व त्याचें काय करावें, याचा निर्णय करणें सोपें होईल.